निगा केसांची, लढाई माणुसकीची

बीड जिल्ह्यातून ऊसतोडीला जाणाऱ्या आमच्या आयाबहिणींच्या डोक्यात घाम आणि पाचटाची धूळ. कोपीवर न्हायला पाणी नाही. गुंत्याची जट झाली की लोक देवीचे बोलावणे समजतात. अशा वेळी आम्हाला मॅडम सी. जे. वॉकर आठवतात.

१८६७ साली अमेरिकेत, गुलामगिरीतून सुटलेल्या काळ्या आईबापांच्या पोटी त्या जन्मल्या. सातव्या वर्षी पोरक्या, विसाव्या वर्षी विधवा. लोकांची धुणी धुऊन लेक वाढवली. केस गळू लागले तेव्हा त्यांनी घट्ट कुरळ्या केसांसाठी नित्यक्रम बसवला : टाळू वारंवार धुणे, गंधकाचे मलम चोळणे, केस विंचरणे. तापल्या फणीचा वापर गोऱ्यांचे अनुकरण ठरवला गेला, हेही खरे. पण हजारो काळ्या स्त्रियांना त्यांनी स्वतःची कमाई दिली.

१९१३ साली बाबासाहेब न्यूयॉर्कला शिकायला गेले, त्याच वर्षी विद्यापीठाशेजारच्या हार्लेममध्ये वॉकर यांचे केशालय उघडले. १९१९ साली मृत्यूपूर्वी त्यांनी काळ्यांच्या झुंडहत्यांविरुद्धच्या लढ्याला ५,००० डॉलर देऊ केले.

जट देवीची नाही, पाणी नाकारणाऱ्या व्यवस्थेची आहे. ती कापू या आणि मुकादमाकडे, कारखान्याकडे न्हाण्याच्या पाण्याचा हक्क मागू या!