नाव विकलं, हात नाही विकले : ओले एव्हिनरूडची गोष्ट

माझं शिक्षण कॉन्व्हेंटमधलं. त्यामुळे शुद्धलेखनाच्या चुका झाल्या तर संपादकांनी आणि तुम्ही सांभाळून घ्या. विषय मात्र आपल्या सगळ्यांच्या आवडीचा आहे, इंजिन!

गेल्या मे महिन्यात मालवणला मामाकडे गेले होते. पडवीत एक जुनी आउटबोर्ड मोटार पडलेली. आउटबोर्ड म्हणजे होडीच्या मागच्या फळीला बाहेरून अडकवायचं इंजिन. नावाची पट्टी कधीच गळून पडलेली. मामा म्हणाला, इंजिनीअर होतेयस ना, मग कर चालू! मी थर्मलमध्ये बऱ्यापैकी मार्क्स मिळवलेली मुलगी, पण हातात पाना घेतल्यावर सुरुवात कुठून करायची तेच कळेना. त्या पंधरा दिवसांत या यंत्राबद्दल वाचत गेले आणि एक माणूस भेटला, ओले एव्हिनरूड.

ओलेचा जन्म 1877 चा, नॉर्वेतला. तो लहान असतानाच कुटुंब अमेरिकेत आलं आणि विस्कॉन्सिन राज्यात केंब्रिज नावाच्या गावाजवळ शेती करू लागलं. शाळा लवकर सुटली. तळ्याकाठी राहणारा हा मुलगा चोरून होडी बांधायचा आणि वडिलांना ते अजिबात आवडायचं नाही, असं सांगतात. सोळाव्या वर्षी घर सोडून तो मॅडिसनला मशीन शॉपमध्ये कामाला लागला. पुढे पिट्सबर्ग, शिकागो अशा शहरांतल्या कारखान्यांत दिवसा काम आणि रात्री इंजिनीअरिंगची पुस्तकं. कॉलेज नाही, डिग्री नाही, कॅम्पस इंटरव्ह्यू तर नाहीच नाही! मग मिलवॉकीला येऊन भागीदारीत इंजिनं बनवायचा धंदा सुरू केला, तो फसला. पुन्हा केला.

आता ती प्रसिद्ध आइस्क्रीमची गोष्ट. ऑगस्टमधल्या एका कडक उन्हाच्या दिवशी ओले आणि बेस मित्रमंडळींबरोबर ओकाउची तळ्यावर पिकनिकला गेले होते. बेसला आइस्क्रीम खावंसं वाटलं. ओले दोन-अडीच मैल होडी वल्हवत गेला, पण परत येईपर्यंत आइस्क्रीमचं पाणी झालेलं. वल्ह्याऐवजी इंजिन का नको, हा विचार तिथे आला म्हणे. गोष्टीत मीठमसाला किती ते देव जाणे. पण 1906 मध्ये दोघांचं लग्न झालं आणि 1909 मध्ये मोटार बाजारात आली, हे खरं.

एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी, ओले पहिला नव्हता. कॅमेरॉन वॉटरमन नावाच्या माणसाची आउटबोर्ड मोटार त्याच्या आधीच विकली जात होती. मग नाव ओलेचं का झालं? कारण मांडणी. एक सिलिंडर, टू-स्ट्रोक, दीड हॉर्सपॉवर. क्रँकशाफ्ट उभा, त्याच्या डोक्यावर फ्लायव्हील, खाली पाण्यात बेव्हल गिअर आणि पंखा. वजन 62 पौंड, म्हणजे साधारण 28 किलो. किंमतसुद्धा 62 डॉलर! फ्लायव्हीलवरची मूठ धरून फिरवायचं की झालं चालू. बेसला ते पहिल्यांदा बघून कॉफी दळायचं यंत्र आठवलं होतं म्हणे. एका मित्राने मोटार वापरायला नेली आणि येताना दहा ऑर्डरी घेऊन आला. पत्रव्यवहार, हिशेब आणि जाहिरात बेसने सांभाळली. वल्ही फेकून द्या अशा अर्थाची तिची जाहिरात गाजली आणि परदेशातूनही मागणी येऊ लागली.

आणि इथेच माझ्या मते गोष्टीचा खरा भाग सुरू होतो. बेसची तब्येत ढासळली. ओलेने 1914 च्या सुमारास आपला हिस्सा भागीदाराला विकला आणि पाच वर्षं या धंद्यात न पडण्याचा करार करून बायको-मुलाला घेऊन फिरायला निघाला. भरभराटीला आलेली कंपनी सोडली, आणि कंपनीबरोबर नावही गेलं. मोटारीवर एव्हिनरूड लिहिलेलं, पण त्यावर हक्क दुसऱ्याचा!

पण डोकं थांबत नाही. त्याने दोन सिलिंडरची, ॲल्युमिनियम वापरलेली हलकी मोटार आखली. तीन हॉर्सपॉवर, वजन मात्र 48 पौंडांच्या आसपास. म्हणजे ताकद दुप्पट आणि ओझं कमी. जुन्या भागीदाराने ती नाकारली. मग ओले आणि बेसने 1921 मध्ये नवीन मोटार आणली. स्वतःचं नाव देता येईना, म्हणून लांबलचक नावाची आद्याक्षरं घेऊन एल्टो. त्यातलं पहिलं अक्षर एव्हिनरूडचंच! आता त्याची स्पर्धा स्वतःच्याच नावाशी होती. शेवटी 1929 मध्ये दोन्ही कंपन्या एकत्र आल्या आणि ओले त्यांचा अध्यक्ष झाला. नाव घरी परत आलं. 1933 मध्ये बेस गेली आणि पुढच्याच वर्षी ओलेही गेला, अवघ्या 57 व्या वर्षी. पुढे मुलगा राल्फने धंदा सांभाळला.

आता मामाच्या मोटारीकडे येते. बंद पडलेल्या टू-स्ट्रोकला तीनच प्रश्न विचारायचे : स्पार्क आहे का, पेट्रोल पोचतंय का, कॉम्प्रेशन आहे का. प्लग काढून बॉडीला टेकवला आणि फ्लायव्हील फिरवलं, स्पार्क नाही. पॉइंट्सवर गंज चढलेला. बारीक पॉलिश पेपरने घासल्यावर निळी ठिणगी दिसली आणि मी अक्षरशः ओरडले! कार्बुरेटरमध्ये जुन्या पेट्रोलचा डिंक झालेला. आतला फ्लोट कॉर्कचा. त्यावरचं शेलॅक आताच्या इथेनॉलवाल्या पेट्रोलमध्ये विरघळतं, मग कॉर्क पेट्रोल पितो आणि बुडतो. तो सुकवून त्याला इथेनॉल सोसणारा थर दिला. जुन्या मोटारींना पेट्रोलमध्ये ऑइलही भरपूर लागतं, म्हणून सोळाला एक असं मिसळलं. पाण्याने भरलेल्या पिंपात मोटार उभी केली, कारण कोरडी चालवली तर कूलिंगला पाणी मिळत नाही आणि पिस्टन जाम होतो. बाविसाव्या झटक्याला धूर, आवाज आणि मामाच्या टाळ्या! दोन मिनिटं चालली. पण थंड करणारं पाणी बाहेर येईना म्हणून लगेच बंद केली. पंप अजून बाकी आहे, दिवाळीच्या सुट्टीत बघू.

एव्हिनरूड नावाच्या मोटारींचं उत्पादन 2020 मध्ये थांबलं. पण शंभर वर्षांपूर्वीच्या त्या मोटारी हौशी लोक आजही साध्या पान्या-स्क्रूड्रायव्हरने उघडून चालू करतात. मला वाटतं ओलेची खरी सही नावाच्या पट्टीवर नव्हतीच, ती या उघडता येण्यात होती. आपण सगळे प्लेसमेंटच्या रांगेत उभे आहोत, कुठल्या नावाचा टॅग गळ्यात पडेल याची चिंता करत. टॅग येतील आणि जातील. ओलेचा तर स्वतःच्या नावाचा टॅग गेला होता! हातातली कला मात्र कुठल्याच करारात लिहून देता येत नाही.

तेव्हा हॉस्टेलमधला बंद पडलेला पंखा इलेक्ट्रिशियनला बोलवण्याआधी, मेन स्विच बंद करून, एकदा स्वतः उघडून बघाच!