स्वतःचीच १५ चित्रं नष्ट करणारा मोने पुन्हा रंगवायला कसा बसला?

मे १९०८. पॅरिसमधलं प्रदर्शन तोंडावर होतं आणि फ्रेंच चित्रकार क्लोद मोने यांनी आपली किमान १५ चित्रं नष्ट केली. कारण? ती त्यांनाच पटेनात.

प्रदर्शन लांबलं. पण मोने पुन्हा बागेतल्या तळ्याकडे वळले. १९०९ मध्ये वॉटर लिलीची ४८ चित्रं लागली आणि लोकांनी ती उचलून धरली.

१९१२ मध्ये मोतीबिंदूचं निदान झालं. पुढे रंग नीट ओळखू येईनात, तेव्हा ट्यूबवरची लेबलं वाचून, हाताच्या अंदाजावर भरवसा ठेवून ते रंगवत राहिले. शंका मात्र सुटली नाही. देशाला देऊ केलेली भव्य चित्रंही त्यांनी जिवंतपणी हातातून सोडली नाहीत. १९२६ मध्ये ते गेले. १९२७ मध्ये ती पॅरिसच्या ऑरांजेरी संग्रहालयात खुली झाली.

आतला टीकाकार गप्प बसेलच असं नाही. त्याची कुरकुर ऐकतही काम चालू ठेवता येतं.