रिचर्ड मार्टिन : मुक्या जनावरांचा कैवारी

बांधलेल्या बैलावर कुत्री सोडून त्यांची झुंज पाहण्याचा खेळ दोनशे वर्षांपूर्वी इंग्लंडात गावोगाव चाले, आणि त्यावर पुष्कळांचे पोट अवलंबून असे. गुत्तेवाला आपल्या खर्चाने बैल पुरवी, कारण जमलेली गर्दी बिअर त्याच्याच येथे पिई. कुत्री पोसणारे, कोंबडे तयार करणारे, त्यांच्या पायांस बांधावयाचे रुप्याचे काटे घडविणारे, पैजा लावणारे, असा तो मोठा पसारा होता. हा व्यवहार कायद्याने बंद व्हावा म्हणून झटलेल्या एका गृहस्थाची हकीकत आम्ही वाचकांस सादर करीत आहो.

रिचर्ड मार्टिन १७५४ साली आयर्लंडात जन्मले. शिक्षण हॅरो व केंब्रिज येथे झाले. कॉनेमारा प्रांतात त्यांची अफाट जमीनदारी होती. स्वभाव मात्र तापट; द्वंद्वयुद्धांविषयी त्यांची मोठी ख्याती होती. मित्राचा कुत्रा ठार मारणाऱ्या फिट्झजेरल्ड नावाच्या इसमाशीही ते पिस्तूल घेऊन लढले. दयेचा कायदा करणारा पुरुष मवाळच असावा अशी ज्यांची समजूत असेल, त्यांनी हे ध्यानात घ्यावे.

बैलझुंज बंद करण्याचे विधेयक १८०० सालीच पार्लमेंटात आले होते. ते अवघ्या दोन मतांनी पडले. विंडहॅम नामक मुत्सद्द्याने त्यास कसून विरोध केला. श्रीमंतांची शिकार निर्वेध चालू ठेवून गरिबांची करमणूक तेवढी हिरावून घेणे हा कोठला न्याय, असा त्याचा मुद्दा होता. हा मुद्दा आम्हांस पोकळ वाटत नाही. मात्र त्याने बैलाचे दुःख तिळभरही कमी होत नाही.

मार्टिन ह्यांनी १८२२ साली घोडे, गाई, मेंढ्या इत्यादी जनावरांस निर्दयपणे वागविणे हा गुन्हा ठरविणारा कायदा मंजूर करून घेतला. दंड दहा शिलिंगांपासून पाच पौंडांपर्यंत होता. पण कायदा अंमलात आणणार कोण? त्यासाठी पगारी माणूस एकही नव्हता. तेव्हा साठी उलटलेले मार्टिन स्वतःच लंडनच्या स्मिथफील्ड गुरांच्या बाजारात हिंडू लागले आणि मारहाण करणारांस न्यायाधीशापुढे उभे करू लागले. आरोपी अगदी गरीब असला तर दंडाची रक्कम ते पदरची भरीत, असे सांगतात. एका खटल्यात मार खाल्लेले गाढवच त्यांनी न्यायालयात आणले, ही आख्यायिका तर चित्रातही उतरली आहे. चौथ्या जॉर्ज राजाने त्यांस ‘ह्युमॅनिटी डिक’, म्हणजे ‘दयाळू डिक’, हे नाव ठेविले.

परंतु कायद्याच्या यादीत वळूचा स्पष्ट उल्लेख नव्हता आणि न्यायालयांनी त्यास वगळले. म्हणजे झुंजी पूर्ववत् चालूच! ती उणीव भरून काढण्यासाठी मार्टिन ह्यांनी पुढील चार वर्षे विधेयकांमागून विधेयके मांडली. सभागृहाने ती हसण्यावारी नेली. १८२४ साली लंडनच्या एका कॉफीगृहात प्राणिरक्षणासाठी एक संस्था स्थापन झाली; तीत त्यांचा पुढाकार होता. खटले चालविण्यास पैसा लागे, आणि तो नव्हता. संस्थेचे चिटणीस पाद्री आर्थर ब्रूम ह्यांस तिच्या कर्जापायी तुरुंगवास घडला. त्याच धर्तीची संस्था मुंबईत १८७४ साली निघाली.

मार्टिन स्वतःही कर्जात बुडालेले होते. सभासद असेतो सावकारांस त्यांना पकडता येत नव्हते. पण निवडणुकीच्या तंट्यात १८२७ साली त्यांची जागा गेली आणि त्यांस फ्रान्समधील बूलोन शहरी पळून जावे लागले. तेथेच ६ जानेवारी १८३४ रोजी ते वारले.

पुढल्याच वर्षी जोसेफ पीझ ह्यांच्या खटपटीने बैल, अस्वल, कुत्रे व कोंबडे ह्यांच्या झुंजींचे आखाडे ठेवणे बेकायदेशीर ठरले. तरी धंदा एका दिवसात थोडाच मरतो? कोंबड्यांच्या झुंजी आडोशाला गेल्या. उंदरांस कायद्याचे संरक्षण नव्हते, म्हणून कित्येक गुत्तेवाल्यांनी कुत्र्यांपुढे उंदीर सोडून तिकिटे विकणे सुरू केले. १८३८ साली हॅनवर्थ येथे कोंबड्यांची झुंज थांबविताना झालेल्या जखमांनी संस्थेचा एक निरीक्षक मरण पावला. स्टॅमफर्ड गावी दर नोव्हेंबरात रस्त्यांतून बैल पळवून छळण्याची शतकांची चाल होती. ती मोडण्यास लंडनचे पोलीस व घोडेस्वार पाठवावे लागले. तरीही लोक बधेनात. अखेर ह्या बंदोबस्ताचा खर्च गावकऱ्यांच्याच माथी बसू लागला, तेव्हा त्यांनी आपण होऊन खेळ सोडण्याचे वचन दिले. १८३९ नंतर तेथे बैल धावला नाही.