दगडातील झाडे वाचणारे बिरबल साहनी

३ एप्रिल १९४९ रोजी लखनौ येथे पुरावनस्पतिशास्त्र संस्थेच्या इमारतीची कोनशिला पंडित नेहरूंच्या हस्ते बसविण्यात आली. कोनशिलेत निरनिराळ्या देशांतील वनस्पतींचे जीवाश्म जडविलेले होते. हे सारे ज्यांनी उभे केले, ते प्रा. बिरबल साहनी आठवडाभरातच, १० एप्रिल रोजी, हृदयविकाराने निवर्तले. वय अवघे ५७.

साहनी यांचा जन्म १४ नोव्हेंबर १८९१ रोजी पंजाबातील भेरा गावी झाला. (नेहरूंचाही जन्मदिवस हाच, वर्ष मात्र १८८९.) वडील रुचिराम लाहोरला रसायनशास्त्राचे प्राध्यापक होते. लाहोरहून साहनी केंब्रिजला गेले व प्रा. सिवर्ड यांच्या हाताखाली जीवाश्मांच्या अभ्यासात रमले. १९१९ साली मायदेशी परतल्यावर बनारस व लाहोर येथे थोडा काळ शिकवून १९२१ मध्ये ते लखनौ विद्यापीठात वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक झाले आणि अखेरपर्यंत तेथेच राहिले.

गाडल्या गेलेल्या लाकडात सिलिका झिरपते आणि पेशींची रचना दगडात जशीच्या तशी टिकून राहते. अशा दगडाची पातळ चकती घासून ती सूक्ष्मदर्शकाखाली पाहायची, हे साहनींचे काम. राजमहाल टेकड्यांतील जीवाश्मांवरून त्यांनी 'पेंटॉक्सिली' हा वनस्पतींचा अगदी वेगळा, नामशेष झालेला गट ओळखला. आपल्या पायाखालच्या काळ्या कातळाशीही त्यांचा संबंध आला. दख्खनच्या लाव्हारसाच्या दोन थरांमध्ये साचलेल्या गाळात ताडमाडांच्या जातीच्या झाडांचे अवशेष सापडतात. त्यांच्या आधारे त्यांनी त्या कातळाचे वय ठरविण्याचा प्रयत्न केला. १९३६ साली ते रॉयल सोसायटीचे सदस्य झाले.

त्यांचे सर्वच निष्कर्ष टिकले असे नाही. पंजाबच्या मिठाच्या डोंगरांतील मीठ तुलनेने अलीकडचे आहे, असे त्यात आढळलेल्या वनस्पतींच्या सूक्ष्म तुकड्यांवरून ते आग्रहाने मांडीत. ते मीठ ५० कोटी वर्षांहूनही जुने असल्याचे आज मानले जाते. तरीही या वादामुळे खडकांतील सूक्ष्म अवशेषांकडे अभ्यासकांचे लक्ष वेधले गेले, हेही नोंदविले पाहिजे.

१९४६ साली संस्था स्थापन झाली तेव्हा साहनी दांपत्याने आपला ग्रंथसंग्रह व जीवाश्म तिला देऊन टाकले होते. पतीच्या निधनानंतर सावित्रीबाईंनी संस्थेची धुरा खांद्यावर घेतली. त्या शास्त्रज्ञ नव्हत्या. परंतु इमारत पुरी करून घेतली ती त्यांनीच. जानेवारी १९५३ मध्ये तिच्या उद्घाटनाला नेहरू पुन्हा आले. संस्थेच्या आवारातच साहनींची समाधी आहे.