टी-शर्टवरचा चे गव्हेरा: ज्याने क्षेपणास्त्रांचा करार केला आणि नंतर रशियालाच सुनावलं

वाऱ्यावर उडणारे केस, विरळ दाढी, डोक्यावर तारा लावलेली टोपी आणि कुठंतरी लांबवर लागलेली नजर.

कॉलेजच्या कट्ट्यावर एखाद्या तरी पोराच्या टी-शर्टवर हा चेहरा हमखास दिसतो. नाव विचारलं तर चे गव्हेरा एवढं बहुतेकांना सांगता येतं. क्युबाचा क्रांतिकारक, हेही माहिती असतं. पण हा माणूस मुळात क्युबाचा नव्हताच. जगाला अणुयुद्धाच्या उंबरठ्यावर नेणाऱ्या करारात त्याचा हात होता आणि पुढं ज्या सोव्हिएत रशियाशी त्याने हा करार केला, त्याच रशियावर त्याने जाहीर टीका केली, हे मात्र फारसं सांगितलं जात नाही.

तीच ही गोष्ट.

दम्याचा पेशंट, शिक्षणानं डॉक्टर

अर्नेस्टो गव्हेरा याचा जन्म १९२८ साली अर्जेंटिनातल्या रोसारियो शहरात झाला. घर खाऊनपिऊन सुखी, घरात पुस्तकं भरपूर. पण पोराला लहानपणापासून दमा. तो आजार त्याला शेवटपर्यंत सुटला नाही.

ब्युनोस आयर्समध्ये डॉक्टरकी शिकत असताना १९५२ साली तो अल्बर्टो ग्रानादो या मित्राबरोबर मोटारसायकलवरून दक्षिण अमेरिका बघायला निघाला. गाडीनं वाटेतच दम तोडला, पण प्रवास थांबला नाही. चिलीत त्यानं तांब्याच्या खाणीतले मजूर पाहिले. पेरूमध्ये कुष्ठरोग्यांच्या वसाहतीत काही दिवस काढले. देश बदलत होते, गरिबी तीच होती.

१९५३ साली डिग्री हातात आली. दवाखाना टाकण्याऐवजी हा पठ्ठ्या पुन्हा बाहेर पडला आणि ग्वाटेमालात पोहोचला. तिथलं निवडून आलेलं सरकार पडीक जमिनी ताब्यात घेऊन शेतकऱ्यांना वाटत होतं. त्यात युनायटेड फ्रूट या अमेरिकन केळी कंपनीच्या जमिनीही गेल्या. १९५४ साली सीआयएच्या मदतीनं ते सरकार पाडण्यात आलं. गव्हेरानं हे सगळं डोळ्यांनी पाहिलं. लोकांच्या हातात बंदूक नसेल तर मतपेटीतून आलेलं सरकार टिकत नाही, हा धडा त्यानं इथं घेतला.

ग्रान्मा नावाची बोट

१९५५ साली मेक्सिकोत त्याची गाठ फिडेल कॅस्ट्रोशी पडली. क्युबात तेव्हा बॅटिस्टाची हुकूमशाही होती. हवानात अमेरिकन कंपन्या आणि कसिनोंची चलती होती आणि खेड्यात ऊसतोड मजुरांचे हाल. कॅस्ट्रो बंडाची तयारी करत होता आणि गव्हेरा त्यात डॉक्टर म्हणून सामील झाला. अर्जेंटिनात एकमेकांना हाक मारताना जो 'चे' शब्द वापरतात, साधारण आपल्या 'अरे'सारखा, तो याच्या तोंडी सतत असायचा. त्यावरून क्युबन दोस्तांनी त्याचं नावच चे पाडलं.

नोव्हेंबर १९५६ मध्ये ८२ जण ग्रान्मा नावाच्या छोट्या बोटीत कोंबून निघाले. क्युबात उतरल्यावर तीनच दिवसांत लष्करानं त्यांना गाठलं. सिएरा माएस्त्राच्या डोंगरापर्यंत पोहोचले जेमतेम वीसेक जण. त्या धावपळीत समोर औषधांची पेटी आणि काडतुसांची पेटी होती, दोन्ही उचलणं शक्य नव्हतं. गव्हेरानं काडतुसं उचलली.

दोन वर्षांत हा डॉक्टर कमांडर झाला. डिसेंबर १९५८ मध्ये त्याच्या तुकडीनं सांता क्लारा शहरात लष्कराची शस्त्रांनी भरलेली चिलखती रेल्वे रुळावरून उतरवली. १ जानेवारी १९५९ ला बॅटिस्टा देश सोडून पळाला.

या विजयाला एक काळी बाजूही आहे. हवानातल्या ला कबान्या किल्ल्याचा ताबा गव्हेराकडं होता. तिथं बॅटिस्टाच्या माणसांवर झटपट खटले चालले आणि अनेकांना गोळ्या घालण्यात आल्या. शिक्षेवरची अपिलं त्याच्यासमोर यायची. त्याचे टीकाकार आजही पहिलं बोट इथंच ठेवतात.

साखर, तेल आणि दोन महासत्ता

१९५९ च्या मध्यावर कॅस्ट्रोनं त्याला आशिया-आफ्रिकेच्या दौऱ्यावर पाठवलं. नव्या सरकारला दोस्त आणि साखरेला गिऱ्हाईक हवं होतं. याच दौऱ्यात तो दिल्लीत पंडित नेहरूंना भेटला आणि कोलकात्यालाही गेला. परतल्यावर त्याला क्युबाच्या राष्ट्रीय बँकेचा अध्यक्ष करण्यात आलं. नोटांवर सही करताना तो फक्त 'चे' एवढंच लिहायचा.

क्युबाची खरी अडचण साखर होती. देश उसावर जगायचा आणि सर्वात मोठा गिऱ्हाईक होता अमेरिका. फेब्रुवारी १९६० मध्ये रशियाचे नेते मिकोयान हवानात आले. साखरेच्या खरेदीचा आणि १० कोटी डॉलर कर्जाचा करार झाला. रशियाचं कच्चं तेल क्युबात येऊ लागलं, पण तिथल्या परदेशी कंपन्यांनी ते शुद्ध करायला नकार दिला. कॅस्ट्रोनं रिफायनऱ्याच ताब्यात घेतल्या. अमेरिकेनं साखरेचा कोटा कापला. क्युबानं आणखी अमेरिकन कंपन्या ताब्यात घेतल्या. अमेरिकेनं निर्यात बंद केली.

वर्षभरात क्युबा एका गोटातून दुसऱ्या गोटात गेला. टी-शर्टवरचा तो फोटोही याच वर्षातला. हवाना बंदरात शस्त्रांनी भरलेल्या जहाजाचा स्फोट झाला, त्यातल्या मृतांच्या शोकसभेत ५ मार्च १९६० ला अल्बर्टो कोर्दानं तो टिपला.

एप्रिल १९६१ मध्ये सीआयएनं तयार केलेले सुमारे १,४०० निर्वासित क्युबन बे ऑफ पिग्सच्या किनाऱ्यावर उतरले आणि तीन दिवसांत हरले. पुढच्या वेळी खुद्द अमेरिकन सैन्य येईल, अशी भीती हवानाला होती.

करार केला, पण निर्णय दुसऱ्यांनी घेतला

ख्रुश्चेव्ह यांनी तोडगा काढला, क्युबात अण्वस्त्रधारी क्षेपणास्त्रं ठेवायची. अमेरिकेची क्षेपणास्त्रं तुर्कस्तानात होतीच, मग फ्लोरिडापासून दीडशे किलोमीटरवर रशियाची का नकोत, असा हिशोब.

ऑगस्ट १९६२ मध्ये कराराला अंतिम रूप द्यायला गव्हेरा रशियात गेला. करार उघडपणे जाहीर करावा, असं क्युबाचं म्हणणं होतं. दोन सार्वभौम देशांनी केलेला करार लपवायचा कशाला? ख्रुश्चेव्ह यांनी नकार दिला. ही लपवाछपवीच पुढं महागात पडली.

१४ ऑक्टोबरला अमेरिकेच्या यू-२ विमानानं क्षेपणास्त्रांचे फोटो काढले. २२ तारखेला केनेडींनी नाकेबंदी जाहीर केली. २७ तारखेला क्युबावर एक यू-२ पाडलं गेलं. जग श्वास रोखून होतं. २८ ऑक्टोबरला ख्रुश्चेव्ह यांनी माघार जाहीर केली. बदल्यात अमेरिकेनं क्युबावर हल्ला न करण्याचं आश्वासन दिलं आणि तुर्कस्तानातली क्षेपणास्त्रं गुपचूप काढायचं कबूल केलं.

या सगळ्यात क्युबाला कुणी विचारलंच नाही. ज्यांच्या जमिनीवर क्षेपणास्त्रं होती, त्यांना ही बातमी बातम्यांमधूनच कळली. जग वाचलं होतं, पण गव्हेरा भडकला. क्षेपणास्त्रं आमच्या हातात असती तर आम्ही ती डागली असती, अशा अर्थाचं तो एका ब्रिटिश पत्रकाराला बोलून गेला. या निर्धाराची किंमत लाखो लोकांनी मोजली असती, हे त्याच्या चाहत्यांनाही नाकारता येत नाही.

अल्जियर्सचं भाषण

उद्योगमंत्री म्हणूनही गव्हेराचं गणित जमलं नाही. उसावरचं अवलंबित्व तोडायला कारखाने काढायचे ठरले, पण कच्चा माल आणि तंत्रज्ञ कुठून आणणार? साखरेचं उत्पादन १९६१ मध्ये ६८ लाख टन होतं, ते १९६३ मध्ये ३८ लाखांवर आलं. क्युबाला पुन्हा उसाकडंच वळावं लागलं आणि ती साखर घेणार होता रशिया.

२४ फेब्रुवारी १९६५ ला अल्जियर्सच्या परिषदेत त्यानं मनातलं बोलून टाकलं. समाजवादी देशही गरीब देशांशी बाजारभावानं व्यवहार करणार असतील तर तेही शोषणात भागीदार आहेत, असा त्याचा मुद्दा होता. रोख मॉस्कोकडं होता, हे सगळ्यांना कळलं. क्युबाचं तेल, शस्त्रं, कर्ज सगळं तिथूनच येत होतं.

मार्चमध्ये तो हवानाला परतला आणि थोड्याच दिवसांत सार्वजनिक जीवनातून गायब झाला. ऑक्टोबरमध्ये कॅस्ट्रोनं त्याचं निरोपाचं पत्र वाचून दाखवलं. पद, हुद्दा, नागरिकत्व, सगळं त्यानं सोडलं होतं.

ला हिगेराची शाळा

काँगोत बंड उभारायचा प्रयत्न काही महिन्यांत फसला. नोव्हेंबर १९६६ मध्ये टक्कल करून, चष्मा लावून, उरुग्वेचा व्यापारी बनून तो बोलिव्हियात शिरला. तिथल्या कम्युनिस्ट पक्षानं साथ दिली नाही. शेतकरी जवळ आले नाहीत. दम्याची औषधं संपली. माग काढणाऱ्या बोलिव्हियन तुकडीला ट्रेनिंग अमेरिकेनं दिलं होतं.

८ ऑक्टोबर १९६७ ला तो पकडला गेला आणि दुसऱ्या दिवशी ला हिगेरा गावातल्या शाळेत त्याला गोळ्या घालण्यात आल्या. वय ३९. ओळख पटवण्यासाठी हात कापून घेतले आणि मृतदेह गुपचूप पुरला.

पुढच्याच वर्षी रशियाचे रणगाडे चेकोस्लोव्हाकियात घुसले, तेव्हा कॅस्ट्रोनं रशियाची बाजू घेतली. १९९१ मध्ये सोव्हिएत युनियनच संपलं आणि क्युबात तेलापासून अन्नापर्यंत सगळ्याची टंचाई झाली. एका महासत्तेच्या तावडीतून सुटलेला देश दुसरीच्या जिवावर उभा राहिला होता. अल्जियर्समध्ये गव्हेरा ज्या व्यवहाराबद्दल बोलला होता, त्याची किंमत क्युबानं त्याच्या मृत्यूनंतर जवळपास पाव शतकानं मोजली.

त्याच टंचाईच्या काळात, १९९७ मध्ये, बोलिव्हियातल्या धावपट्टीजवळ त्याची हाडं सापडली. क्युबानं ती सांता क्लाराला आणली, जिथं त्यानं ती रेल्वे उलथवली होती.