देवळालीचे कापरेकर मास्तर

१९४९ साली मद्रास येथे गणिताची एक परिषद भरली होती. तेथे आपले संशोधन मांडणाऱ्यांत नाशिकजवळच्या देवळालीतील एक शाळाशिक्षक होते. त्यांच्यापाशी पदव्युत्तर पदवी नव्हती, विद्यापीठातील पदही नव्हते. होती ती केवळ एक संख्या : ६१७४. या शिक्षकांचे नाव दत्तात्रय रामचंद्र कापरेकर.

कापरेकरांचा जन्म १७ जानेवारी १९०५ रोजी डहाणू येथे झाला. ते आठ वर्षांचे असताना त्यांच्या आईचे निधन झाले. वडील कारकून होते. त्यांना ज्योतिषाचा नाद होता आणि त्यासाठी लागणाऱ्या आकडेमोडीची गोडी मुलालाही लागली. ठाण्यातील शालेय शिक्षणानंतर कापरेकर पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात दाखल झाले. तेथे १९२७ साली त्यांना रँग्लर परांजपे यांच्या नावाचे गणिताचे पारितोषिक मिळाले. १९२९ मध्ये ते बी.एस्सी. झाले आणि पुढच्याच वर्षी देवळालीत शिक्षक म्हणून रुजू झाले. १९६२ साली निवृत्त होईपर्यंत त्यांनी तेथेच अध्यापन केले.

मद्रासच्या परिषदेत त्यांनी मांडलेली गोष्ट लहान मुलालाही करून पाहता येईल. चार अंकी कोणतीही संख्या घ्यावी. मात्र तिचे चारही अंक सारखे नसावेत. त्या अंकांपासून मोठ्यात मोठी आणि लहानात लहान संख्या तयार करून मोठीतून लहान वजा करावी. जी वजाबाकी येईल तिच्यावर पुन्हा हीच क्रिया करावी. उदाहरणार्थ, ३५२४ घेतल्यास ५४३२ मधून २३४५ वजा जाऊन ३०८७ उरतात. पुढे ८७३० मधून ०३७८ वजा केल्यावर ८३५२, आणि ८५३२ मधून २३५८ वजा केल्यावर ६१७४. आता ७६४१ मधून १४६७ वजा करा. पुन्हा ६१७४ च येतात. सुरुवात कोठूनही केली तरी जास्तीत जास्त सात पायऱ्यांत हीच संख्या हाती लागते. कापरेकरांच्या जन्माचे वर्ष, १९०५, घेऊन पाहावे. तेथे सातही पायऱ्या चढाव्या लागतात.

चार अंकी संख्या मोजक्याच असल्यामुळे ही क्रिया करीत राहिल्यास पूर्वी आलेली एखादी संख्या पुन्हा येणार, हे उघड आहे. पण सगळ्या वाटा एकाच संख्येपाशी येऊन थांबाव्यात, हे नवल कापरेकरांनी हेरले. अशा सुट्या, मोजता येणाऱ्या संख्यांचा आणि रचनांचा विचार करणाऱ्या शाखेला विविक्त गणित म्हणतात.

तरीही आपल्याकडील अनेक गणितज्ञांना हे काम क्षुल्लक वाटले. संख्यांचे असे गुण आपण दहाच्या पटीत संख्या लिहितो म्हणून दिसतात, त्यांतून खोल सिद्धांत निघत नाही, असा या कामावरचा आक्षेप असे. आक्षेप अगदीच निराधार नव्हता. पण तेवढ्याने कुतूहलाची किंमत कमी होत नाही. प्रतिष्ठित नियतकालिकांत जागा मिळेना, तेव्हा कापरेकरांनी स्वतःच पुस्तिका छापल्या. शाळाशाळांतून बोलावणी मात्र येत राहिली. ६१७४ वरील त्यांचा लेख १९५५ साली अमेरिकेतील एका गणित-नियतकालिकात प्रसिद्ध झाला.

त्यांनी शोधलेल्या इतर संख्यांची नावेही खास आहेत. आपल्या अंकांच्या बेरजेने निःशेष भाग जाणारी ती हर्षद संख्या. १२ ला ३ ने भाग जातो, म्हणून १२ हर्षद होय. ४५ चा वर्ग २०२५, आणि २० अधिक २५ म्हणजे पुन्हा ४५. अशा संख्या आज कापरेकर संख्या म्हणून ओळखल्या जातात. एखाद्या संख्येत तिचेच अंक मिळवले की नवी संख्या जन्मते; १५ मध्ये १ आणि ५ मिळवले की २१. परंतु २० ही संख्या या रीतीने कोणत्याच संख्येपासून मिळत नाही. अशा स्वयंभू संख्यांना देवळालीचेही नाव मिळाले आहे.

निवृत्तीनंतर तुटपुंज्या वेतनात भागेना, म्हणून कापरेकरांनी गणिताच्या आणि विज्ञानाच्या शिकवण्या केल्या. १९७५ साली मार्टिन गार्डनर या अमेरिकन लेखकाने एका विख्यात विज्ञान-मासिकातील आपल्या सदरात त्यांच्याविषयी लिहिले आणि सत्तरीच्या मास्तरांचे नाव जगभर पोहोचले. त्यांची दखल घेणारे गणितज्ञ आता देशोदेशी होते. कापरेकर मात्र देवळालीतच राहिले. १९८६ साली तेथेच त्यांचे निधन झाले.