जेम्स व्हेल : भयानकातील करुण

भयानक आणि करुण हे दोन रस आपल्या काव्यशास्त्राने वेगळे गणले असले, तरी एकाच दृश्यात ते एकत्र नांदू शकतात, ह्याचा प्रत्यय इंग्रज दिग्दर्शक जेम्स व्हेल यांच्या भयपटांतून येतो. ही दृष्टी त्यांना युद्धाने दिली असावी, असे त्यांचे चरित्र पाहता वाटते.

२२ जुलै १८८९ रोजी इंग्लंडमधील डडली ह्या औद्योगिक गावी एका कामगार कुटुंबात त्यांचा जन्म झाला. वडील लोखंडाच्या भट्टीवर राबत. व्हेल यांनी तरुणपणी जोडे दुरुस्तीचे काम करीत सायंकाळच्या वर्गात चित्रकलेचे शिक्षण घेतले. पहिल्या महायुद्धात ते पायदळात अधिकारी झाले आणि १९१७ साली फ्लँडर्सच्या आघाडीवर शत्रूच्या हाती सापडले. होल्झमिंडेनच्या युद्धकैद्यांच्या छावणीत वेळ कंठण्यासाठी नाटके होत. रंगभूमीचे पहिले धडे त्यांनी गिरविले ते तेथेच.

डिसेंबर १९२८ मध्ये आर. सी. शेरिफ यांचे खंदकातील जीवनावरील 'जर्नीज् एंड' हे नाटक त्यांनी लंडनमध्ये बसविले. ह्या नाटकाच्या यशाने त्यांना न्यूयॉर्कला आणि तेथून हॉलिवुडला नेले. १९३१ साली 'युनिव्हर्सल' संस्थेसाठी त्यांनी 'फ्रँकेन्स्टाईन' दिग्दर्शित केला. मेरी शेली यांच्या कादंबरीतील बोलका जीव येथे मूक झाला. परंतु बोरिस कार्लॉफ यांच्या डोळ्यांतून आणि हातांतून तो बोलू लागला. तळ्याकाठी एका बालिकेसह पाण्यात फुले सोडताना तो हरखतो. फुले संपताच, तीही तशीच तरंगेल ह्या समजुतीने तिलाच पाण्यात टाकतो. हा अखेरचा भाग पुढे वगळण्यात आला व कित्येक दशकांनंतर पूर्ववत झाला. विशेष असे की, वगळल्यामुळे क्रौर्य कमी न होता निरागसता तेवढी नाहीशी झाली होती.

'द ओल्ड डार्क हाउस' (१९३२) व 'द इनव्हिजिबल मॅन' (१९३३) यांत त्यांनी भयाला विनोदाची जोड दिली. 'ब्राइड ऑफ फ्रँकेन्स्टाईन' (१९३५) मध्ये सर्वांनी हाकललेल्या त्या जीवाला आसरा मिळतो तो एका अंध एकांतवासी वृद्धाच्या झोपडीत. रूप न पाहणाराच त्याला मित्र म्हणतो. समलिंगी असल्याचे त्या काळातही न लपविणाऱ्या व्हेल यांना बहिष्कृताचे दुःख परके नव्हते.

१९३६ साली त्यांनी 'शो बोट' हा संगीतपट यशस्वी केला. त्याच वर्षी 'युनिव्हर्सल'ची मालकी बदलली. पुढील वर्षी रेमार्क यांच्या कादंबरीवरील, युद्धावरून परतलेल्या जर्मन सैनिकांची कथा सांगणारा 'द रोड बॅक' त्यांनी पूर्ण केला. नाझी राजवटीच्या वकिलातीने दडपण आणले आणि संस्थेने चित्रपटात काटछाट केली. स्वतः भोगलेल्या युद्धाविषयीचे त्यांचे म्हणणे असे खंडित झाले. त्यानंतर त्यांच्या कारकिर्दीला उतरती कळा लागली. १९४१ नंतर ते चित्रपटसृष्टीतून जवळजवळ निवृत्त झाले आणि पुन्हा चित्रकलेकडे वळले.

१९५६ साली मेंदूच्या विकाराने त्यांना ग्रासले. २९ मे १९५७ रोजी आपल्या घरच्या जलतरण तलावात त्यांनी जीवन संपविले. त्यांनी मागे ठेवलेली चिठ्ठी अनेक वर्षे अप्रकाशित राहिल्याने हा मृत्यू दीर्घकाळ अपघातीच मानला गेला.

त्यांच्या चित्रपटांतील भीतीची धार काळाने काहीशी बोथट केली आहे. त्या मूक जीवाचे पुढे आलेले हात मात्र आजही प्रेक्षकाला अस्वस्थ करतात, कारण ते मारण्यासाठी उचललेले नसून काही मागण्यासाठी पसरलेले आहेत.